मागच्या टेबलावरचा

आमच्या घरात सिनेमा बघणं सोपं, बघून झाल्यावर सुटका अवघड. बायको, मेव्हणा, सासूबाई आणि मी, चौघांनी आठवडाभरात आपापल्या घरी एकच सिनेमा किंवा मालिका बघायची आणि रविवारी दुपारी फोनवर जमून मतं द्यायची, असा रिवाज. मेव्हणा कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागला की समजायचं, त्याला गोष्ट कळलेली नाही. बायकोनं शेवट आधीच ओळखलेला असतो. खरी पारख सासूबाईंची. एका गाजलेल्या मालिकेचा त्यांनी एका दमात निकाल लावला होता. "ती बाई दिवसभर भांडी घासते आणि हात कोरडे. पुढं काय बघायचं?"

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचं हसू कानशीनं घासत बसायचं, हे माझं काम. त्यामुळे पडद्यावर माझं लक्ष आधी दातांकडे जातं आणि घरचे माझी खेचतात. सासऱ्यांची कवळीही मीच केली होती. पहिली त्यांनी परत पाठवली. दात फार सरळ आहेत, हा भलताच कुणी हसतोय असं वाटतं, म्हणाले. मग त्यांच्या मूळच्या दातासारखा डावीकडचा एक दात शेजारच्यावर किंचित चढवून बसवला. ते खूश झाले आणि गेले तोवर तीच वापरली.

त्यांच्यानंतर सासूबाई एकट्या राहतात. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी, कोर्टातल्या एका सिनेमाबद्दल बोलताना त्या म्हणाल्या, "मागच्या बाकावरच्या माणसाचं काम मला आवडलं. तपकिरी स्वेटरवाला. पाठमोरा आहे, पण बसणं कसं खरं वाटतं."

आम्हाला कुणालाच तो आठवेना. पुढच्या खेपेला हॉस्पिटलची मालिका होती. तिथंही तो बाहेरच्या खुर्चीवर होता म्हणे. मग बोटीवरच्या सिनेमात.

"बरीच कामं मिळतायत की त्याला," बायको म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. "संवाद देत नाहीत बिचाऱ्याला. पण हल्ली थोडा थोडा वळतो."

फोन ठेवल्यावर बायको रडली. बाबा शेवटपर्यंत तसाच स्वेटर घालायचे. मेव्हण्यानं मात्र कंबर कसली. डॉक्टरांना दाखवून झालं, वृद्धाश्रम बघून झाला, जागा अडवून झाली. मला म्हणाला, "भाऊजी, तुम्ही शांत डोक्याचे. एक दुपार आईजवळ बसून बघा आणि तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

सासूबाई मला आवडतात, हे इथं सरळ सांगून टाकतो. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची बिलं, गॅलरीतल्या कुंड्या, सगळं त्या बघतात. एका स्वेटरपायी त्यांना घरातून उचलायचं, याचा मला राग आला होता. ठरलेल्या दुपारी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी पडदे ओढून ठेवले होते. भिंतीलगत तीन खुर्च्या. मी मधल्या खुर्चीवर बसणार, तोच त्या म्हणाल्या, "तिकडे बसा, जावईबापू. तिथून नीट दिसतं." मी कडेला बसलो.

हॉटेलमधली गोष्ट होती. जेवणाचं दालन, नायिका, भांडण. "हिला चिडता येत नाही, नुसत्या नाकपुड्या फुगवते," सासूबाई म्हणाल्या, आणि मला हसू आलं. यांचं कसलं डोकं फिरलंय, असं मनात म्हणतोय, तेवढ्यात मागच्या टेबलावर तपकिरी स्वेटर दिसला.

पाठमोरा. खांदे जरा झुकलेले.

दालनात कुणीतरी विनोद केला. सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता वळला.

चेहरा अंधारात होता. दात तेवढे दिसले.

मी रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. दालन, विनोद, हशा. मागचं टेबल रिकामं होतं.

"मागे नेलं की तो नसतो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी करून पाहिलंय."

डोळे फसतात, हे मला माहीत आहे. हातात धरलेली वस्तू मला कधी फसवत नाही. म्हणून विचारलं, "आई, बाबांची कवळी कुठे आहे?"

"कपाटात. वरच्या खणात."

आतल्या खोलीत जाऊन डबी काढली. तेवढ्यात मेव्हण्याचा मेसेज आला. 'काय ठरवायचं?'

मी झाकण उघडलं. डावीकडचा दात शेजारच्यावर चढलेला, माझ्याच हातचा. कवळी उचलली. इतकी वर्षं बंद डबीत पडलेली कवळी कोरडी ठणठणीत हवी.

ती ओली होती. आणि कोमट.

तोंडातून नुकतीच काढलेली कवळी हाताला कशी लागते, ते मला झोपेतही सांगता येईल.

मी तसाच उभ्यानं मेव्हण्याला लिहिलं, 'आईंचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांना इथंच राहू दे.'

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा.

"जावईबापू, डबी जागेवर ठेवा हं. झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावू नका."