काचेच्या कपाटातला वाचक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, सुनेत्राच्या घरात घडलंय. सिंगापूर, बुकित तिमाहमधला कॉन्डो, गेल्या वर्षीचा दसरा.

आणि तेही भर दुपारी.

तिचा नवरा शैलेंद्र आयटीत मोठा मॅनेजर. माणूस म्हणाल तर नुसता डामडौल. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज पंडिताची खाजगी पुस्तकं लंडनला विकायला निघालीत असं त्याच्या कानावर आलं. झालं! मागवली. लॅटिन, ग्रीक, कातडी बांधणी. हॉलमध्ये काचेचं कपाट, आत पिवळे दिवे, बाहेर कुलूप.

त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला. पण येईल त्याला सांगायचा, "सगळी वाचलीत मी."

सुनेत्रा आत पोळ्या लाटताना चरफडायची.

दसऱ्याला सरस्वतीपूजन. पाटावर पुस्तकं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी उघडायची नाहीत. त्यांच्या मुलीची, किमयाची, शाळेची पुस्तकं मांडली होती. शैलेंद्रने त्यांवर पंडिताचा एक जाडजूड ग्रंथ ठेवला. फोटोसाठी! दुसरं काय?

तुआसच्या बंदरातून शैलेंद्रचा मित्र प्रबोध जेवायला आला होता. जहाजावरचा इंजिनियर, तोंडाने फटकळ.

"एवढी वाचलीस ना? मग एक ओळ वाचून दाखव की."

"अरे, आज पुस्तक उघडत नाहीत."

"मग शपथ घे."

शैलेंद्रने खुशाल पूजेतल्या ग्रंथावर हात ठेवला. "सरस्वतीची शपथ. सगळी वाचलीत."

आणि कपाटातून आवाज आला…

"च्!"

ढ पोराला कंटाळलेले मास्तर करतात ना, तसा.

सगळ्यांनी वळून कपाटाकडे बघितलं. मग पान उलटल्याचा आवाज आला… थोडा वेळ शांतता… एक पान वाचायला लागेल तेवढीच… आणि पुन्हा पान.

"एसीची हवा आहे," शैलेंद्र म्हणाला.

कुलूपबंद काचेत एसीची हवा! काय हा माणूस!

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि लगेच परत आला. घामाघूम. अक्षरं दिसत होती, पण वाचताच येत नव्हती. इंग्रजी नाही, मराठी नाही… एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनचं नावसुद्धा नाही. डोळ्यांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले. सगळं नॉर्मल.

सुनेत्रा हिशेब करत बसली. नोकरी गेली की तिथे राहायचा पास गेला. पास गेला की घर, किमयाची शाळा, सगळंच गेलं.

मग तो घरूनच काम करायला लागला. तीच त्याच्या मेल वाचून दाखवायची, उत्तरंही तीच टाइप करायची. आणि हा पठ्ठ्या फोनवर रुबाब झाडायचा, "हो हो, वाचली मी मेल."

दर वेळी कपाटातून… "च्!"

"अरे, एकदा तरी खरं सांग! बॉसला सांग, सुट्टी घे."

"आणि लोक काय म्हणतील?"

घ्या! इथे डोळ्यांदेखत संसार बुडत चाललाय, आणि याला लोकांची पडलीय.

शेवटी एका मीटिंगमध्ये कुणीतरी समोर करार ठेवला. वाचलाय म्हणाला, सही केली. व्हायचं तेच झालं, करार कंपनीच्या अंगाशी आला. नोकरी गेली.

पुण्याची तिकिटं काढली. निघायच्या आधी त्याचा वाढदिवस आला. किमयाने स्वतः कार्ड केलं होतं. रविवारच्या वर्गात शिकून पहिल्यांदाच मराठीत लिहिलं होतं.

"बाबा, वाचा ना."

तो कार्डाकडे बघत राहिला. आता 'छान आहे, वाचलं' म्हणणार, असं सुनेत्राला वाटलं. त्याने कार्ड खाली ठेवलं…

"किमू… मला वाचता येत नाही गं."

सुनेत्राला रडूच फुटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा खरं बोलला होता मेला.

कपाटात पानं उलटायची थांबली.

कुलूप आपोआप निघून खाली पडलं…

किमया कपाटाकडे मान कलती करून ऐकत होती. घाबरली नव्हती अजिबात. तिथल्या पोरांसारखा सिंगापुरी हेल काढून म्हणाली, "बाबा, अंकल सेज ओके लाह. टुमॉरो स्टार्ट फ्रॉम एबीसी."

विमानाच्या दिवशी शैलेंद्र हललाच नाही. "तुम्ही व्हा पुढे, शिकवणी आहे," एवढंच म्हणाला. सुनेत्राने हातापाया पडून बघितलं. शेवटी पोरीला घेऊन एकटीच पुण्याला आली.

गेल्या महिन्यात त्याचा पास संपला. प्रबोध जाऊन आला, तर फ्लॅट रिकामा. शैलेंद्र नाही, पुस्तकं नाहीत, कपाटही नाही.

फोन मात्र लागतो. कुणीतरी उचलतंसुद्धा. पण पलीकडून कुणी बोलत नाही. फक्त पान उलटतं…

सुनेत्रा वेड्यासारखी "हॅलो, हॅलो" करत राहते. परवा माझ्यासमोरच किमयाने तिच्या हातातून फोन काढून घेतला, कानाला लावला आणि हळूच बंद केला.

"आई, डोन्ट डिस्टर्ब. बाबांचा क्लास चालू आहे."