कडावच्या फ्रीझरातला पटका

"फ्रीझर रिकामा करा. आत्ताच्या आत्ता."

कडावच्या डेअरीत शिरून काउंटरवरच्या मुलाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार वगैरे सुचलाच नाही. हातात तान्ह्या बाळासारखा धरलेला मुघल काळातला पटका होता... म्हणजे सरदारांनी कमरेला बांधायचा रेशमी शेला, टोकांना जरीत विणलेली खसखशीची फुलं. कर्जतजवळच्या आमच्या संग्रहालयातली जुनी वस्त्रं मी सांभाळते. या पटक्याला कसर लागली होती. ती मारायला कापड गुंडाळून आठवडाभर कडक थंडीत ठेवायचं, मध्ये उघडायचं नाही. आणि नेमका आमचा फ्रीझर बंद पडला. पटका गेला असता, त्याच्यामागोमाग माझी नोकरीही.

"ह्यात काय हाय?" त्यानं विचारलं.

"किडे."

"डेअरीत?"

"घट्ट गुंडाळलेत. शिवाय मरणारच आहेत."

तो हसला. एवढं गोड हसायचं खरं तर काही कारण नव्हतं. मग त्यानं फ्रीझरातली सगळी कुल्फी काढून आळीला वाटून टाकली. त्याची आई, सोनुबाई, कपाळाला हात लावून बघत राहिली.

"कमलेश, येड लागलंय काय रं तुला?"

"मावशी, आठवडाभराचाच प्रश्न आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहायला गेले, तर हा पठ्ठ्या फ्रीझरच्या झाकणावर बसून गिऱ्हाइकांना दही देत होता.

"ऊठ, मला बघू दे."

"नाय. तुमीच बोललात, कुनी आलं तरी उघडायचा नाय."

"पटका माझा आहे."

"फ्रीझर माजा हाय, संजनामॅडम."

मला असला राग आला... आणि त्याच्याकडे पाहिल्यावर तो टिकला नाही, याचा आणखी राग आला. त्यानं चहा पुढे केला. मी घेतला. मग मी रोजच जायला लागले — तापमान बघायला.

आठवडा सरला. पटक्याची गुंडाळी माझ्या हातात देता देता तो हळूच म्हणाला, "तुमचा फ्रीझर मंगळवारीच चालू झाला ना? मेकॅनिक माजा मावसभाऊ हाय."

"मध्येच हलवायचा नसतो पटका," मी घाईघाईनं म्हटलं.

"बरोबर हाय. पन तापमान तर मी फोनवर सांगत व्हतो. मंग तुमी रोज का येत व्हतात?"

माझे कान तापले.

"थंडीतून काढल्यावर लगेच उघडायचं नसतं," मी म्हटलं. "दिवसभर तसंच ठेवायचं. घाई केली की पाणी सुटतं."

"उत्तराचं पन तसंच हाय काय?"

"तसंच. उद्या संग्रहालयात ये."

दुसऱ्या दिवशी तो आला, सोबत सोनुबाईही. तिला बघायचं होतं, कशापायी घरची कुल्फी फुकट गेली. मी गुंडाळी सोडली. कसर मेली होती... आणि फुलं जशीच्या तशी, लखलखीत. मला रडूच आलं.

"आता उत्तर?" कमलेश कुजबुजला.

मी तोंड उघडणार, तोच सोनुबाई पुढे सरकली. "नवरदेवाच्या कमरंला झ्याक दिसंल ह्यो," म्हणत तिनं सरळ पटक्याकडे हात नेला.

"आई, हात नाही लावायचा!"

माझा आवाज अख्ख्या संग्रहालयात घुमला. सोनुबाईनं हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मावशीची आई झाले मी. भेटलं रं तुला उत्तर," ती म्हणाली. "आता माजी कुल्फी ठेवू काय फ्रीझरात?"