चौथी खुंटी

परदेशात शिकायला आलेल्या चौघींनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं होतं, आणि त्यांतल्या एकीला सगळ्या कंडक्टर म्हणत. रविवारची सहल ठरवायची तिनं, बसच्या वेळा काढायच्या तिनं, तिकिटं सांभाळायची तिनं आणि दर थांब्यावर डोकी मोजायचीही तिनंच. बाकीच्या तिघी वरातीला निघाल्यासारख्या निघत. एकीचं संशोधन बुरशीवर होतं, म्हणून ती बुरशीवाली. दुसरी बसमध्ये टेकली की घोरायला लागायची, म्हणून ती झोपाळू. या दोघींचं एक वेळ चालून जायचं. खरा ताप होता तो धाकटीचा.

धाकटी म्हणजे तिची चुलत बहीण, यंदाच आलेली. कंडक्टरची सुट्टी संपल्यावर दोघी एकाच विमानानं निघाल्या, तेव्हा काकूनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं. तिला कुठे एकटी सोडू नकोस." कंडक्टरनं मोठेपणानं मान डोलावली. या मुलीला एकटी न सोडणं म्हणजे अर्धा जन्म रस्त्यात उभं राहून काढणं, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं! धाकटी दाराच्या कड्यांचे फोटो काढायची. गटारांच्या झाकणांचे काढायची. कुणाच्या तरी खिडकीतल्या मांजराचे काढायची, आणि मांजर हललं म्हणून पुन्हा काढायची. मागून सारखी हाक यायची, "ताई, थांब ना..." ताई थांबायची. त्यामुळे किल्ल्याचा दरवाजा त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाला, संग्रहालयाची खिडकी नाकासमोर मिटली, आणि बेटावर जाणाऱ्या बोटीची त्यांना फक्त पाठ दिसली. तीन रविवार पाण्यात गेले.

चौथ्या रविवारी जुनी लोखंडाची खाण बघायची होती. काम कधीच बंद पडलं होतं, आता ती लोकांना दाखवत. शेवटची फेरी तीनची आणि परतीची बस पाच वाजून दहा मिनिटांची. ती चुकली की दुसरी नाही. कंडक्टरनं सगळ्यांना सकाळी सातपासून हाकत हाकत तीनला दोन मिनिटं कमी असताना खाणीच्या खिडकीशी आणून उभं केलं. धाकटी फाटकाशी गंजलेल्या चाकाचा फोटो घेत मागे राहिलीच होती.

खिडकीत एक म्हातारा बसला होता. उमेदीची वर्षं त्यानं याच खाणीत घालवली होती, आता तोच ती दाखवायचा.

"किती जणी?"

"चार."

"पाचांशिवाय खाली नेत नाही. नियम आहे."

कंडक्टरच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा आटापिटा करून यावं आणि या गृहस्थानं आकड्यावरून परत पाठवावं! ती एक क्षणही न अडखळता म्हणाली, "म्हणजे, फाटकातली धरून चार. पाचवी तिच्या मागून येतेय."

म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"हो. येतायत दोघी."

म्हाताऱ्याची नजर अधू आहे, हे आपलं नशीब, असं कंडक्टरला वाटलं.

खिडकीशेजारच्या फळीवर पाच खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर पाच पितळी बिल्ले, आकडे घातलेले. ते काढून त्यानं तिच्या हातात दिले. "अंधारात चेहरे दिसत नाहीत. म्हणून इथे माणसं मोजत नाहीत, बिल्ले मोजतात. जितके खाली, तितके वर. एक खुंटी जरी रिकामी राहिली तरी मी दाराला कुलूप लावत नाही. खाली जाऊन शोधतो."

एक नंबरचा बिल्ला तिनं स्वतःला ठेवला, दोन आणि तीन त्या दोघींना दिले, धापा टाकत आलेल्या धाकटीच्या हातात चार नंबर कोंबला आणि पाचवा गुपचूप खिशात टाकला. बाकावर दिव्याची पाच शिरस्त्राणं मांडलेली होती.

"ताई, माझा दिवा लुकलुकतोय."

"तुझ्याच नशिबाचा असेल. घाल आणि चल."

आत शिरताना तिनं सवयीनं मागे पाहिलं. बाक रिकामा होता. पाचवं शिरस्त्राण म्हाताऱ्यानं उचलून ठेवलं असेल, असं म्हणून ती पुढे झाली.

वाट उताराची होती. ओल्या लोखंडाचा वास, कुबट हवा आणि कुठेतरी एकसारखं टपटपणारं पाणी. दहा पावलांत दाराचा उजेड संपला. म्हातारा पुढे चालत होता, आणि वाटेला फाटा फुटला की थांबून मागचे दिवे मोजत होता.

"पाच. चला."

पहिल्या फाट्यावर कंडक्टरला हसू आलं. दुसऱ्या फाट्यावर तो पुन्हा "पाच" म्हणाला, तेव्हा तिनं वळून स्वतः मोजले. बुरशीवाली भिंतीला नाक लावून उभी होती. झोपाळू जांभई देत होती. त्यांच्या मागे दोन दिवे होते. एक लुकलुकत होता आणि दुसरा स्थिर. भिंतीवरच्या पाण्यात पडलेलं प्रतिबिंब असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, पण पुढचं पाऊल जरा घाईनं पडलं.

तळाशी एक दालन होतं. "खरा अंधार कसा असतो ते बघा," म्हातारा म्हणाला. "दिवे बंद करा."

टक्. टक्. टक्. कंडक्टर मोजत होती, तो तिचा स्वभावच होता. म्हाताऱ्याचा धरून पाच आवाज झाले. अंधार डोळ्यांवर हात ठेवल्यासारखा बसला. पाणी टपटपत राहिलं. मग जरा थांबून, अगदी मागून, सहावा आवाज आला.

टक्.

"धाकटे..." ती कुजबुजली. "तो तुझा होता ना... मागचा?"

"अगं, मी इथे आहे." धाकटीचा आवाज तिच्या कोपराशी आला.

"मग मागे..."

"लावा दिवे," म्हातारा म्हणाला. मागे कुणी नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीवर खाणकामगारांनी पाळ्या मोजायला ओढलेल्या रेघा.

परत फिरेपर्यंत पावणेपाच वाजले. कंडक्टरला आता तिथून बाहेर पडायचं होतं, बस. आणि नेमकी तेव्हाच धाकटी त्या रेघांसमोर उभी राहून मोबाइल सरळ करत होती.

"एकच फोटो, ताई... हलला गं. थांब ना."

कंडक्टरला भीती वाटत होती आणि ती भीती रागाच्या वाटेनं बाहेर आली. "तीन रविवार थांबलेय मी! किती जन्म थांबू? काकूला काय, सांगायला सोपं. मी चालले. तुला यायचं तेव्हा ये मागून."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती न थांबता निघाली. चढावर काही वेळानं मागून उजेड आला, तिच्या बाजूच्या भिंतीवर पडला आणि तिच्या चालीनं वर सरकू लागला. आली एकदाची, म्हणत तिनं सुस्कारा सोडला. वळून मात्र पाहिलं नाही. रुसवा दोन्हीकडून असतो.

वर येऊन तिनं आपला बिल्ला खुंटीला लावला. दोन नंबर लागला, तीन लागला. खिशातला पाचवाही तिनं पटकन लावून टाकला. चौथी खुंटी रिकामी होती. धाकटी दाराशी खाली मान घालून उभी होती.

"बिल्ला?"

धाकटीनं नकारार्थी मान हलवली.

"हरवलास? शाबास!"

म्हाताऱ्यानं कंदील उचलला. "एक खाली आहे. मी जाऊन येतो, तुम्ही थांबा."

"अहो, कुणी नाही खाली! तिनं बिल्ला पाडलाय, एवढंच." पाचला तीन मिनिटं होती आणि बसथांबा टेकडीच्या पायथ्याशी होता. कंडक्टरचा धीर सुटला. "हे बघा, मी खोटं बोलले. पाचवी कुणी नव्हतीच. आम्ही चौघीच आलो, चौघीच वर आहोत. बिल्ले काय मोजताय? माणसं मोजा ना!"

म्हाताऱ्यानं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "चार," तो अखेर नाइलाजानं म्हणाला. दाराला कान लावून त्यानं काहीतरी ऐकलं, मग किल्ली फिरवली. खोटं बोलली तेव्हा तिचं काही बिघडलं नव्हतं. खरं बोलली आणि घात झाला.

बस मिळाली. धाकटी सगळ्यांच्या आधी थांब्यावर पोचली होती.

त्या दिवसापासून धाकटी सुधारली. गजर व्हायच्या आत उठू लागली, वर्गाला वेळेवर जाऊ लागली. फोटो काढणं बंद झालं, कारण मोबाइल खाणीत पडला म्हणाली, आणि दुसरा घेऊ म्हटलं तर नको म्हणाली. "तुझ्या वळणावर गेली गं," काकू फोनवर म्हणाली, "पोरीचं सोनं केलंस." बुरशीवाली आणि झोपाळूनं सुटकेचा निःश्वास टाकला. कंडक्टरला मात्र घास गोड लागेना. रस्त्यात ती आपसूक थांबायची आणि मागे पाहायची. मागे कुणीच हाक मारत नसे. धाकटी कायम दहा पावलं पुढे असायची.

एके दिवशी भाजी चिरता चिरता तिला तो चढ आठवला. भिंतीवर पडलेला तो उजेड. तो लुकलुकत नव्हता. अगदी स्थिर होता.

हातातली सुरी खाली ठेवून तिनं खाणीला फोन लावला. तिनं नुसतं "त्या रविवारी..." म्हणताच म्हातारा म्हणाला, "चौथी खुंटी अजून रिकामी आहे, मुली."

तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"दर फेरीला खालच्या फाट्यावर दिवे मोजतो. एक जास्त भरतो."

"कसा... कसा असतो तो?"

"लुकलुकतो. बॅटरी सहा तासांची. आज वीस दिवस झाले."

"मग आणा ना वर तिला!"

"जवळ गेलं की मागे सरतो. नावानं हाक मारायला हवी. मला नाव माहीत नाही."

"मी येते. आत्ता निघते."

"या." म्हातारा घुटमळला. "पण पाच जणी लागतील. त्याशिवाय त्या फाट्यापर्यंत वाट पोचतच नाही. नियम माझा नाही."

तिला फोनमधून हात घालून त्याचा गळा धरावासा वाटला. बुरशीवाली आणि झोपाळूचे तिनं अक्षरशः पाय धरले. तुझं डोकं फिरलंय म्हणत दोघी तयार झाल्या. घरातल्या बोळात उभी राहून ती बोटांवर मोजू लागली. आपण धरून तीन. "येईन गं मी," ती पुटपुटली, "थांब जरा..." आणि आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द आपण बोलतोय हे लक्षात येऊन तिला रडू फुटलं.

खोलीचं दार उघडलं. धाकटी बाहेर आली. पायांत बूट होते, पिशवी खांद्याला, केस चापूनचोपून विंचरलेले.

"चौथी मी आहे की," ती म्हणाली.

कंडक्टर एक पाऊल मागे सरली. "आणि... पाचवी?"

"पाचवी तिथे आहेच." धाकटीनं घराचं दार उघडून धरलं आणि कपाळाला आठी घातली. "आवर ना, ताई. किती वेळ लावतेस! मी पुढे होते. तू ये मागून."