अढाऊ सरांच्या तुरकाठ्या

चारुताने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चिंचेखाली उकिडवा बसून चिंचोके वेचत होता.

मार्चचं ऊन तापलं होतं. अमरावतीहून वलगाव, तिथून आत सात किलोमीटर. स्कूटी धुळीने माखलेली, पर्समध्ये नेमणुकीचं पत्र, आणि रस्ता विचारायला दुसरं कुणीच नाही.

"ओ दादा, जिल्हा परिषदेची शाळा कुठे आहे?"

त्याने मान वर केली. घामाने भिजलेला शर्ट, ओंजळभर चिंचोके, आणि डोळ्यांत... हसू होतं की नुसतं ऊन, तिला कळलं नाही.

"शाळेत काय काम हाये?"

"मी तिथली नवीन शिक्षिका आहे."

"असं काय? मंग चाला. मी पण तिथंच चाल्लो."

"तुम्ही... शिपाई आहात का तिथे?"

"कधी कधी. झाडू मीच मारतो, घंटी मीच वाजवतो. बाकीच्या टायमात पहिली-दुसरी शिकवतो." त्याने चिंचोके खिशात कोंबले. "किशोर अढाऊ. तेल्हाऱ्याचा."

चारुताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वकील कमलाकांतांची ही एकुलती लेक, गणितात पदवी घेतलेली, आणि पहिल्याच दिवशी सहशिक्षकाला शिपाई म्हणून बसली होती.

दोन खोल्यांची शाळा, एकतीस लेकरं. तिसरी-चौथी तिच्याकडे आली. तिची फळ्यावरची गणितं देखणी असायची. उभी मांडणी, सरळ रेघा. मुलंही भराभर सोडवायची. ती खूश होती. मग एके दिवशी अपेक्षा नावाची एक चिमुरडी बेचाळीसातून अठरा वजा करताना मध्येच थांबली.

"मॅडम, शेजारच्या चारातून आपन एक मांगतला ना? मंग इकडं आल्यावर त्याचे दहा कावून झाले?"

"अगं, तसा नियम आहे."

"पन एक मांगतला तं एकच यीन ना..."

चारुताने पुन्हा नियम सांगितला. अपेक्षाने मान हलवली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. मधल्या दारात किशोर उभा होता. "येऊ काय, मॅडम?" म्हणाला आणि अपेक्षासमोर मांडी घालून बसला. त्याच्या हातात तुरीच्या वाळल्या काड्या होत्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या. त्याने चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या.

"हे बेचाळीस. आता मले आठ सुट्या दे."

अपेक्षाने दोन काड्यांकडे पाहिलं. मग जुड्यांकडे. मग त्याच्याकडे.

"सर, एक जुडी सोडू?"

"तुह्या मनानं."

तिने रबर ओढलं. काड्या सतरंजीवर पसरल्या, आणि आठी आपोआप मिटली. "मॅडम, आपन एक नाई मांगतला. आपन जुडी मांगतली."

वर्ग सुटल्यावर चारुता फणकाऱ्याने म्हणाली, "मला सांगता आलं असतं."

"आलं असतं. तुमाले माह्यापेक्षा जास्त गनित येते." तो काड्या गोळा करत होता. "पन तुमी लेकराचं उत्तर पायता, मॅडम. ते कुठं अडलं, ते आयकत नाई."

पुण्याकडचं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय हा फटकळ माणूस. चारुता वऱ्हाडातलीच होती. तरी ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "मला जुड्या बांधायला शिकवा."

मग रोज शाळा सुटल्यावर दोघं ओट्यावर बसू लागली. तो विळ्याने तुरकाठ्या सारख्या लांबीच्या कापायचा, ती मोजून बांधायची. कधी काडी देताना बोटाला बोट लागायचं, आणि चारुताची मोजणी चुकायची. नऊच्या जुड्या, अकराच्या जुड्या...

"पदवीधर मॅडम दहापर्यंत मोजताना चुकून रायल्या," तो खाली मान घालून म्हणायचा.

"तुम्ही नीट देत नाही."

"बरं. माहीच चूक." थोडं थांबून तो म्हणाला, "एक इचारू? तुमी मले पयल्या दिवशी दादा म्हनलं होतं."

"रस्ता विचारताना म्हणतात तसं. त्याचा काही अर्थ नसतो."

"बरं झालं," तो काडी कापत म्हणाला. "मले लय टेन्शन होतं."

ती हसली नाही. पण त्या दिवशी स्कूटीवरून घरी जाताना वलगाव कधी मागे पडलं, तिला कळलंच नाही.

पावसाळा सुरू झाला. पत्र्यावर सरी वाजू लागल्या की शिकवणं ऐकू जायचं नाही. मग सगळी लेकरं एका खोलीत बसायची आणि दोघं मिळून त्यांना पाढे म्हणायला लावायची. त्या गलक्यात दोघांची नजर मिळायची... आणि आधी ती खाली बघायची.

पोळा झाला, आणि त्याच आठवड्यात किशोरने तिच्यासमोर एक कागद ठेवला. बदलीचा आदेश. जिल्हा अकोला, तालुका तेल्हारा.

"अर्ज कधी केला होतात?"

"तुमी याच्या दोन सालं आंधी. मायले लकवा झाला तवा. घरी ती एकटीच असते."

चारुताने कागद नीट घडी करून परत दिला. "चांगलं झालं," ती म्हणाली. "आईंना बरं वाटेल."

तो उभाच राहिला. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा. तीही थांबली होती. अंगणात लेकरं लंगडी खेळत होती. मग तो म्हणाला, "तुरकाठ्या हितंच ठेवतो," आणि गेला.

त्यानंतर चारही वर्ग तिच्याच गळ्यात पडले. झाडू, घंटी, सगळंच. मधलं दार आता उघडंच असायचं, आणि दिवसातून दहादा तिची नजर तिकडे जायची. तिथे कुणी नसायचं.

मोबाईलवर त्याचे निरोप मात्र यायचे. एखाद्या वहीच्या पानाचा फोटो आणि खाली एक ओळ. 'पोट्टं त्रेपन्नचे पस्तीस लिहून रायलं. कावून?'

ती लिहायची, 'तो बरोबर ऐकतोय. आपण बोलताना तीन आधी म्हणतो आणि लिहिताना पाच आधी. थोडे दिवस पन्नास आणि तीन म्हणून घ्या.'

'आता तुमी आयकाले लागल्या मॅडम.'

बस, इतकंच. ती स्क्रीनकडे बघत राहायची. वर 'टायपिंग' दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं... आणि काहीच यायचं नाही. तिनेही कितीदा दोन शब्द लिहून पुसले होते.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती रजेचा अर्ज देऊन अकोल्याला रागिणीमावशीकडे गेली, आणि शनिवारी सकाळी तेल्हाऱ्याच्या बसमध्ये बसली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. काय बोलायचं ते तिने चारदा ठरवलं. शाळेच्या दारात पोचली तेव्हा त्यातलं काही आठवेना.

आत तो फळ्यासमोर होता. लेकरं एका सुरात म्हणत होती, "पन्नास आनि तीन, त्रेपन्न." त्याने वळून पाहिलं. खडू हातातच राहिला.

शाळा सुटली. लिंबाखाली दोघं उभी होती.

"मॅडम, तुमी हितं कशा काय?"

"रोज वहीचे फोटो पाठवता," ती म्हणाली. "फोटोच्या खाली लिहून पुसता काय, ते विचारायला आले."

तो पायाने माती उकरू लागला. "अर्ज मांगं घ्यावा असं वाटलं होतं मले. दोनदा पंचायत समितीत गेलो, दोनदा तसाच परत आलो. मायले कोन पाहीन? आन तुमाले तिकडची लेकरं सोडून हिकडं ये म्हनाचं... मी कोन म्हननारा?"

"मी लेकरं सोडणार नाही," चारुता म्हणाली. "आणि मला बदली तरी कुठे मिळते इतक्यात? पाच वर्षं मी तिकडे आणि तुम्ही इकडे. शनिवार-रविवार, दिवाळी, उन्हाळा. तेवढंच मिळेल." "पण विचारायचं तर विचारा. मला न विचारता माझं उत्तर ठरवू नका."

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "माह्याशी लगन कराल काय?"

"हो."

घरी किशोरच्या आईने, गोदाबाईंनी, काठी टेकत दारापर्यंत येऊन तिला पाहिलं. बोलणं अजून जड होतं त्यांचं. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला आणि लेकाला म्हणाल्या, "एकटी... जाऊ देऊ नको तिले. आकांक्षा हाये माह्यापाशी." सासरहून आलेली लेक मागे हसत उभी होती.

"अकोल्यापर्यंत सोडतो," बसमध्ये बसताना किशोर म्हणाला. अकोल्याला अमरावतीच्या गाडीपर्यंत आला आणि आत चढला. "मूर्तिजापूरपर्यंत येतो." मूर्तिजापूर आलं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला.

"आता कुठपर्यंत?" तिने विचारलं.

"वकीलसाहेब घरी असतात काय यावेळी?"

"असतात."

"त्यायच्याशी बोलू कसं मी? तुमच्याशी बोलाले दहा महिने लागले मले."

ती हसली. मग फोन काढून तिने घरी लावला. "बाबा, तासाभरात पोचते. सोबत एक जण आहेत."

पलीकडून प्रश्न आला. चारुताने शेजारी पाहिलं. इतके दिवस ती त्याला 'सर' म्हणत आली होती, तेही पुरतं तोंडात यायच्या आत नजर वळवून.

"किशोर," ती म्हणाली.

तो खिडकीबाहेर पाहत होता. पण त्याचा हात सीटवरून हळूच सरकला, आणि तिने तो धरला.