गिरणा जिंकेल तेव्हा

गिरणा हा गावाचा बेसबॉल संघ अंतिम फेरीत पोचला आणि सगळं चाळीसगाव रस्त्यावर येऊन नाचलं, तेव्हा डॉ. ईशानी सोनवणे मात्र प्रयोगशाळेत कपाळाला हात लावून बसली होती. समोरच्या पडद्यावर तीनशे बारा म्हाताऱ्यांचे आकडे हलत होते, आणि त्यातला एक आकडा तिच्या वडिलांचा होता.

"उपांत्य सामना संपल्यापासून सगळ्यांचा आशांक नव्वदीच्या वर गेलाय," ती म्हणाली. "तडवी सर, परवा आपण जिंकलो तर?"

डॉ. सलीम तडवी तिचे वरिष्ठ. आशातंतू त्यांनीच घडवला होता. केसाहून बारीक अशी ही तार मेंदूत बसवली, की कशाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाच्या मेंदूतून हृदयाकडे जाणारा संदेश ती शंभरपट वाढवायची. थकलेली हृदयं त्या जोरावर चालत राहायची. माणूस किती आतुरतेनं वाट पाहतोय, ते मनगटावरच्या पट्ट्यावर आकड्यात दिसे. तोच आशांक. तो चाळिसाखाली गेला की पट्टा वाजे, आणि पट्टा वाजला की माणूस फार तर आठवडाभर जगे.

"तार फक्त वाढवते, निर्माण काही करत नाही," तडवी म्हणाले. "शून्याला शंभरानं गुणलं तरी शून्यच. आस पुरी झाली की..."

"माहीत आहे. वत्सलाकाकू सपकाळे. मुलगा कॅनडाहून आला, काकूंच्या हातचं पोटभर जेवला, आणि नवव्या दिवशी काकू गेल्या. अशी सहा माणसं आहेत आपल्या नोंदीत."

खरं म्हणजे घोळ पहिल्याच दिवशी होऊन बसला होता. अकरा वर्षांपूर्वी अर्जात विचारलं होतं, लवकर पुरी होणार नाही अशी एक इच्छा लिहा. राज्यात बेसबॉलची लीग सुरू होऊन तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती आणि गिरणानं करंडकाला एकदाही हात लावला नव्हता. गावात कुणी विचारलं, रस्ता कधी होणार, की उत्तर ठरलेलं असे, 'गिरणा जिंकेल तेव्हा!' मग काय! म्हाताऱ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या आणि त्या सहांखेरीज झाडून सगळ्यांनी तेच लिहिलं. दुसऱ्या कुठल्या गावानं असला आचरटपणा केला नसता. आणि गंमत म्हणावी तर तीही नव्हे, कारण त्यांना मनापासून तेवढंच हवं होतं.

"हरलो त्या वर्षांचं काय?" तडवींनी विचारलं.

"दोन-चार दिवस आशांक उतरतो, मग पहिल्यापेक्षा वर चढतो. अकराही वर्षं हेच. हरणं त्यांना मानवतं, सर!"

तडवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला सांगू नकोस," ते म्हणाले.

त्याच दुपारी ती मैदानावर गेली. जितेंद्र पावरा, गिरणाचा पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, एकटाच सराव करत होता. त्याची आजी त्या तीनशे बारांत होती. ईशानीनं त्याला सगळं सांगितलं आणि मग जे मागायचं ते मागितलं. मागताना तिची मान खाली गेली होती.

जितेंद्र बराच वेळ हातातला चेंडू फिरवत राहिला. "पाच वर्षांचा होतो, तेव्हापासून याच दिवसासाठी हात झिजवलाय मॅडम," तो म्हणाला. "आजीला विचारलंत?"

"तिला कळलं तर उपयोग काय?"

"मग तुम्ही सज्ज्यात पुढे बसा. मला दिसाल अशा. नाहीतर हात वळायचा नाही माझा."

नागपूरविरुद्धच्या सामन्याला ज्येष्ठांचा सज्जा गच्च भरला होता. ईशानी वडिलांच्या, आप्पांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. शेवटचा, नववा डाव. गिरणा एका धावेनं पुढे. नागपूरचे तिघांपैकी दोघं बाद झालेले, एक जण धावत दुसऱ्या तळापर्यंत पोचलेला, आणि फलंदाजावर दोन स्ट्राइक, म्हणजे दोन चेंडू हुकलेले. आणखी एक चेंडू हुकला की साठ वर्षांची वाट संपणार होती. आप्पांचा आशांक अठ्ठ्याण्णव होता.

जितेंद्रनं मान वर केली, क्षणभर सज्ज्याकडे पाहिलं आणि चेंडू टाकला. सरळ, संथ, छातीच्या उंचीचा. फलंदाजानं तो भिंतीपलीकडे भिरकावला. दोन धावा! नागपूरचा तिसरा गडी लगेच बाद झाला, पण मग फलंदाजीला आलेले गिरणाचे तिघंही पाच मिनिटांत बाद झाले आणि करंडक नागपूरला गेला.

ईशानीनं सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच तिला स्वतःची शिसारी आली.

दरवर्षी हरलं की हा सज्जा पंचाला शिव्या घाले आणि जिना उतरता उतरता पुढच्या वर्षीचा संघ ठरवे. आज कुणी हूं की चूं केलं नाही.

"आप्पा, पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणाली.

"दोन स्ट्राइक पडल्यावर हा पोरगा सरळ चेंडू टाकत नाही," आप्पा शांतपणे म्हणाले. "चार वर्षं बघतोय मी त्याला. आणि टाकायच्या आधी त्यानं वर बघितलं. तुझ्याकडे."

तिला खोटं बोलता येईना. मागच्या रांगेत पावरा आजींनी पदराचा बोळा तोंडाला लावला होता. नातवाचा हात त्या ओळखत होत्या. साठ वर्षं खेळ बघितलेली ती माणसं, त्यांना काय सांगावं लागणार होतं!

"तुमच्यासाठीच केलं हो, आप्पा! गिरणा जिंकला असता तर तुमची वाट संपली असती."

"कुणी सांगितलं तुला? जिंकलो असतो तर रात्रभर नाचलो असतो, आणि सकाळी म्हणालो असतो, पुढच्या वर्षीही आणा. साठ वर्षं उपाशी असलेला माणूस एका घासावर उठतो होय गं?" त्यांनी तिचा हात थोपटला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "हरण्याचंही काही नाही. पण आपलेच जिंकू देत नाहीत म्हटल्यावर वाट कशाची बघायची?"

त्यांच्या मनगटावर एकसष्ट दिसत होते. मग बावन्न. ईशानीच्या तक्त्यात अकरा पराभव होते आणि अकराही खरे होते. हा असला पराभव तिनं कधी मोजलाच नव्हता. तिनं आप्पांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

पहिला पट्टा वाजला तो पावरा आजींचा. मग आप्पांचा.