चौथा दांडा

अळणावर गावी लाकूड कातायचा जुना लेथ टेम्पोत चढवताना अंबूताईंनी श्रीवत्सला एकच अट घातली.

"मास्तर, यंत्र खुशाल न्या. पण त्याच्यावरचा दांडा आधी पुरा करा. अर्ध्यावरचं काम लेथवरून उतरवायचं नसतं, हा ह्यांचा नेम."

नातीच्या बाळासाठी पाळणा करायला घेतला होता त्यांच्या यजमानांनी, सदाशिवअप्पांनी. तीन दांडे कातून झाले आणि चौथ्यावर असताना ते गेले. बारसं तोंडावर आलं होतं.

"करतो की!" श्रीवत्स म्हणाला.

पॉलिटेक्निकातून रिटायर झालेला माणूस, जुन्या यंत्रांचा भारी नाद. त्याला धीर कुठला? विद्यानगरला घरामागच्या शेडमध्ये लेथ उतरला आणि ह्याचे हात शिवशिवायला लागले. बेअरिंग जाम, पट्टा कुजलेला, वर गंजाचे थर. दांडा काढल्याशिवाय काही खोलता येईना. काढला. टोकाला जरासा किडलेला दिसला. नवा कातून देऊ, म्हातारीला काय कळतंय, असं पुटपुटत त्यानं तो अंघोळीच्या बंबात सारला.

गंज निघाला, नवा पट्टा चढला, लेथ काय सुरेख फिरू लागला! श्रीवत्सनं ताजं सागवान लावलं, पटाशी टेकवली.

"काय जळतंय हो?" स्वयंपाकघरातून बायकोनं, विमलानं विचारलं.

"पट्टा घासतोय."

त्यानं यंत्र बंद करून हात लावला. पट्टा गार. बेअरिंग गार. लाकूड मात्र चटका बसेल इतकं तापलेलं. घर्षणानं तापणारच, तो स्वतःला म्हणाला. चहा घेऊन आला, तरी ते तसंच. पुन्हा कातायला घेतलं, तर सागवानाच्या आतून काळं डोकावलं. बरोबर अर्ध्यावर. जितकं खरवडावं तितकं खोल जळालेलं.

शेवटी त्यानं वरून लाल रंग दिला. सकाळी रंग वाळला होता. दांडा अजून ऊन होता.

मनाला खात होतं. दांडा घेऊन अळणावरला निघाला; बस रायापूरला आली तेव्हा त्यानं ठरवलं, सांगून टाकायचं. धारवाड मागे पडलं तेव्हाही ठरलेलंच होतं.

"बर्री मास्तर, या, या!" अंबूताईंनी दांडा हातात घेतला, छातीशी धरला आणि ढसाढसा रडल्या. "ह्यांचाच हात हो!"

आता कसं सांगणार? त्याला स्वतःची किळस आली. तरी त्यानंच दांडा पाळण्याला ठोकून बसवला.

बाळाला आत निजवलं.

अंबूताईंनी दांड्यावरून हात फिरवला. "अगबाई, अजून ऊब आहे."

त्यांच्या बोटांना काजळी लागली होती. लाल रंगावर डाग नव्हता.

"ताई, ते..." श्रीवत्स पुढे सरसावला.

त्यांनी ऐकलं नाही. हसत हसत वाकल्या आणि त्याच बोटानं बाळाच्या गालाला तीट लावली.

"पणजोबांच्या हातची," म्हणाल्या.

बाळानं झोपेतच दांड्याकडे तोंड वळवलं.