काकूंचा कोरडा पाय

डबीत अकरा कॅप्सूल होत्या. नऊ सुट्या. दोन जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या. त्यांतल्या एकीच्या सांध्यातून पांढरी अळी अर्धी बाहेर आली होती.

महादेवीकाकूंनी तोंडाला पदर लावला. "आत्ता हीच गिळनार होते की गं!"

वरच्या मजल्यावरच्या अंकितानं नुकतंच एम.फार्म. केलं होतं. तिनं दुसरी कॅप्सूल उघडली. आत ज्वारीचं पीठ. वास खवट.

"डबीचं सील कुणी फोडलं, काकू?"

"मीच. लई घट्ट हुतं."

म्हणजे दुकानदार सुटला. कॅप्सूलवरची छापील अक्षरंही नेहमीचीच. टरफल मूळचं, आतलं औषध गेलेलं.

"पाय दाखवा."

गेल्या महिन्यात या पायातून पाणी पाझरायचं. चादर भिजायची, माश्या घोंगावायच्या, वास जिन्यापर्यंत यायचा. आता पाय कोरडा होता, कातडी सुरकुतलेली. अंकितानं घोट्याभोवती टेप धरली. तेवीस सेंटीमीटर. तेव्हा एकतीस भरले होते.

"माझ्या लेपानं उतरलं," काकूंची मुलगी धनलक्ष्मी म्हणाली. "हत्तीरोगच की तो."

"डॉक्टर तसं म्हणाले, अक्का?"

"आमाला कुटं आत घेतलं? शिवू एकटाच भेटला त्यांना."

शिवू म्हणजे शिवपुत्र, काकूंचा मुलगा, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. तो दारातच उभा होता. नाकाला रुमाल लावायची सवय अजून सुटली नव्हती.

"रविवारी माझा साखरपुडा आहे. पाय बरा झालाय, आता कशाला उकरतेस?"

"बरा कसा झाला, दादा?"

तो डबीकडं बघू लागला.

"विकायचं असतं तर चोरानं भरलेल्या कॅप्सूल नेल्या असत्या. सुटी पूड कोण घेणार? इथं टरफलं ठेवली आणि औषधच टाकून दिलं. काकूंच्या पोटातली गाठ रोखणारं हे औषध काहींच्या अंगातला लसीकेचा, म्हणजे कातडीखालच्या पाण्याचा, निचरा बिघडवतं. पाय सुजतो, कातडीतून पाणी येतं. औषध थांबलं की पाय सुकतो, आणि गाठ वाढायला मोकळी. अक्काला हत्तीरोग वाटत होता. काकूंना कुणी काही सांगितलंच नाही. सूज औषधाची आहे, हे डॉक्टरांनी या घरात एकालाच सांगितलं होतं."

शिवपुत्रनं रुमाल काढला नाही. "मुलगी पाया पडायला वाकणार. ते पाणी तिच्या हाताला लागलं असतं, सगळ्यांसमोर. मला शिसारी यायची."

"मला म्हनायचंस की रं," काकू हळू म्हणाल्या. "मोजे घातले असते."

डबी घ्यायला त्यानं हात पुढं केला. त्या बोटांचा स्पर्श होऊ नये म्हणून अंकिता मागं सरली.

स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू केलं. नवी डबी अंकिताच्या घरी राहिली. रोज ती स्वतः खाली येऊन कॅप्सूल द्यायची.

महिन्याभरानं चादर पुन्हा ओली झाली. माश्या आल्या. काकूंनी आपणहून पाय पुढं केला.

"मोज."

अंकितानं घोट्याभोवती टेप धरली. साडेतीस सेंटीमीटर.